रूळ काढायची परवानगी

साहेबांनी आगगाडी काढून टाकली, पण रूळ काही निघेनात.

आगगाडी म्हणजे खरी नव्हे हो. घरच्या कॉम्प्युटरवर इंजिन चालवायचा एक प्रोग्रॅम होता. साहेब निवृत्त झाले, समोर अर्ज घेऊन कुणी उभं राहीना, आणि ते घरातल्या घरात येरझाऱ्या घालून सगळ्यांना नको नको करायला लागले, तेव्हा मुलीने बापाला विरंगुळा म्हणून तो घालून दिला. झालं. साहेब रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट खोचून टेबलाशी बसायचे आणि गाडी सोडायचे. दुसरा कुणी असता तर त्याने ती सुसाट पळवली असती, चार वेळा आपटली असती, जरा मजा केली असती. हे तांबड्या सिग्नलला थांबायचे. सिग्नल हिरवा होईना, तर चहा घ्यायचे, पेपर वाचायचे, पण गाडी तसूभर पुढे न्यायचे नाहीत. एकदा मेहुणीकडे जेवायला जायचं होतं आणि गाडी एका फाटकापाशी तांबड्या दिव्यापुढे उभी. प्रवाशांना असं वाऱ्यावर सोडून मी कसा येऊ, म्हणाले. कॉम्प्युटरात कुठले आलेत प्रवासी? पण मेहुणीकडचं जेवण गार झालं ते झालंच.

आता साहेब म्हणजे कुणी बडा अधिकारी असं समजू नका. हा माणूस जन्मभर एका ऑफिसात, रस्ता खोदायची परवानगी देण्याच्या टेबलावर बसला होता. देण्याच्या म्हणायचं आपलं, खरं तर न देण्याच्या. पाण्याचे पाइप टाकणारे, तारा टाकणारे, गटारं दुरुस्त करणारे, सगळे त्यांच्यापुढे हात जोडायचे आणि पाठ फिरली की त्यांना ‘नामंजूर’ म्हणायचे. वशिला त्यांनी कधी ऐकला नाही, हे खरं. पण कुणाचं काम पहिल्या खेपेला केलं असंही कधी झालं नाही. घरी मुलगी चिडवायला म्हणून साहेब म्हणायला लागली आणि मग सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं. कॉम्प्युटर घरात आला, त्यात मालकाचं नाव घालायची वेळ आली, तेव्हाही तिने खुदकन हसून तेच घातलं. तिला काय ठाऊक, पुढे एवढं रामायण होणार आहे.

सगळं सुरू झालं ते बाईंच्या गळ्यापासून. बाई म्हणजे साहेबांची बायको. शाळेत कवायत शिकवायच्या, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना बाईच म्हणायचा, आणि खोटं कशाला बोला, साहेबही मनातल्या मनात तेच म्हणायचे. बाईंचा आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला ‘सावधान’ म्हटलं की त्या टोकाचा पोरगा बिस्किट गिळायचा थांबायचा. त्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पण आवाजाची नस तिला अगदी खेटून गेली होती. जपून काढू, म्हणाल्या, तरी आवाज पहिल्यासारखा राहीलच असा शब्द देता येत नाही. ऑपरेशन सोमवारचं ठरलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना साहेब दोनदा चुकीच्या बाजूला वळले. बाईंनी मात्र घरी येऊन पदर खोचला. हे घर चालतं कशावर, तर माझ्या ओरडण्यावर, असं त्या स्वच्छ म्हणाल्या. आणि ते खोटं नव्हतं. साहेबांना नियम सगळे पाठ, पण चष्मा कुठे ठेवला ते आठवायचं नाही. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, रक्तदाबाची गोळी घेतली का, हे सगळं बाईंनी स्वयंपाकघरातून ओरडायचं आणि साहेबांनी ‘करतो’ म्हणायचं, अशी संसाराची घडी बसलेली. तेव्हा बाईंनी ठरवलं, की सोमवारच्या आत आपल्या सगळ्या हाका कॉम्प्युटरात भरून ठेवायच्या. उद्या आवाज गेला तर बटण दाबायचं आणि नवऱ्याला ओरडायचं. घरातला फोन जुना, बटणांचा. त्यात आवाज भरून पाहिला, तर बाई विहिरीत पडल्यासारख्या ऐकू आल्या. म्हणून कॉम्प्युटर.

बाई त्याच्यापुढे ताठ उभ्या राहिल्या, घसा साफ केला आणि पहिली हाक दिली. परत लावून ऐकली तर ती अशी निघाली: “अहो, चष्मा कपा”. पुढे काही नाही. खाली एक ओळ आली, की डिस्कवर जागा शिल्लक नाही.

जागा खाल्ली होती कुणी? एक तर मुलीच्या लहानपणापासूनच्या फोटोंनी. त्यातला एकही काढायचा नाही, असं बाईंनी बजावलं होतं. डोळे मिटलेले होते ते फोटोसुद्धा. आणि दुसरी आगगाडीने. साहेबांनी जड मनाने, पण लगेच, प्रोग्रॅम काढून टाकला. इंजिन गेलं, शिट्टी गेली, पडद्यावरचं चित्र गेलं. पण जागा रेसभरही वाढली नाही. शोधलं तर मागे एक भलंमोठं फोल्डर तसंच राहिलेलं. आत रूळ, स्टेशनं, बोगदे, पूल, फाटकं, सगळं जागच्या जागी. साहेबांनी ते पुसायला घेतलं आणि कॉम्प्युटरने त्यांना अडवलं.

“हे फोल्डर संरक्षित आहे. ते काढण्यासाठी साहेब यांची परवानगी आवश्यक आहे.”

तुम्हीआम्ही असतो तर कपाळावर हात मारला असता. साहेबांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं शिस्तीत वागताना दिसलं नव्हतं. यंत्र असून ओळखीचा माणूस म्हणून सोडत नाही, म्हणजे काय, असं ते बाईंना मोठ्या कौतुकाने सांगायला लागले. बाई म्हणाल्या, कौतुक पुरे, साहेब तुम्हीच आहात, द्या परवानगी आणि मोकळे व्हा. आणि तिथेच घोडं अडलं. कारण साहेबांच्या टेबलाचा एक नियम होता, जो त्यांनी जन्मात मोडला नव्हता. आपल्याच अर्जावर आपण निर्णय घ्यायचा नाही.

हा नियम बाईंना चांगला ठाऊक होता. त्यांच्या लग्नाच्या वेळी साहेबांनी रजेचा अर्ज दिला होता. नेमके वरचे अधिकारी आजारी पडले, त्यांच्या टेबलाचं काम साहेबांकडे आलं, आणि स्वतःच्या लग्नाच्या रजेचा अर्ज स्वतःच्याच पुढ्यात येऊन पडला. साहेबांनी तो प्रलंबित ठेवला. लग्नाच्या दिवशी ते ऑफिस सुटल्यावर आले, ऑफिसच्या बुटांत, तोवर पाहुणे जेवून डुलक्या काढत होते. मला नवरा ऑफिस सुटल्यावर मिळाला, असं बाई अजून सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या. पण दरवेळी हसायच्याच असं नाही.

तरी साहेबांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी टेबलाच्या या बाजूला खुर्ची ठेवली, त्या बाजूला स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवलं. आधी स्टुलावर बसले आणि खुर्चीकडे बघून अदबीने आपली अडचण सांगितली. मग उठले, वळसा घालून खुर्चीत बसले आणि स्टुलाकडे बघून म्हणाले, की आपण संबंधित आहात, आपलं प्रकरण आम्हाला ऐकता येणार नाही. पुन्हा स्टुलावर आले. साहेब, घरात आजारपण आहे, म्हणाले. पुन्हा खुर्चीत गेले. आजारपण सगळ्यांकडेच असतं, म्हणाले. बाई दारात झारा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, की स्टुलावर बसलं की साहेबांचा चेहरा खरोखर रडवेला होत होता आणि खुर्चीत गेलं की दगड. मग खुर्चीतले साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, जेवणाची सुट्टी झाली, नंतर या. आणि दोघेही जेवायला उठले, म्हणजे एकच.

शनिवारी बाईंनी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावून आणलं. गोड बोलणारा माणूस, कशालाही नाही म्हणायचा नाही. यंत्र जळून कोळसा झालं असलं तरी ‘होऊन जाईल’ म्हणायचा आणि दोन दिवसांनी तसंच परत आणून द्यायचा. त्याने पडदा बघितला, साहेबांकडे बघितलं आणि विचारलं, हे साहेब तुम्हीच ना. साहेब हो म्हणाले. मग द्या की. कुणाला? तुम्हालाच. तेच तर देता येत नाही, साहेब म्हणाले. कॉम्प्युटरवाला थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग होऊन जाईल म्हणून त्याने माउसला हात घातला. मागच्या दाराने कसं शिरायचं ते त्याला येत होतं. साहेबांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि तो काही केल्या उचलेनात. दोघं पुरुष एका माउसवर हात ठेवून शेजारीशेजारी बसलेले, आणि बाई दोघांना चहा देतायत, असा तो देखावा.

चहा संपता संपता त्यानेच सहज तोंडातून काढलं, की नाहीतर मालक बदला. फोल्डर ज्याच्या नावावर आहे त्याचंच यंत्र ऐकतं. दुसऱ्या कुणाच्या नावावर केलं की तो देईल परवानगी. साहेबांनी हात उचलला. म्हणजे प्रकरण दुसऱ्या टेबलावर वर्ग करायचं! हे तर त्यांनी हजार वेळा केलेलं. पण लगेच त्यांचा चेहरा पडला, कारण मुलगी परगावी, घरात दुसरी व्यक्ती एकच, आणि ती पडली नातेवाईक. नातेवाइकाने निर्णय घेतलेला चालत नाही, असं ते पुटपुटले.

“स्वतःच्या लग्नाला वेळेवर आला नाहीत तुम्ही,” बाई म्हणाल्या. “कसलं नातं धरून बसलात?”

हा मुद्दा साहेबांना बिनतोड वाटला. कॉम्प्युटरवाल्याने ‘बाई’ या नावाने नवं खातं उघडलं, फोल्डर त्यांच्या मालकीचं केलं, आणि या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही अशा चेहऱ्याने, पण होऊन जाईल म्हणतच निघून गेला. साहेबांनी लगेच फोल्डर पुसायला घेतलं. कॉम्प्युटरने पुन्हा अडवलं. आता खाली नाव होतं बाईंचं.

साहेबांनी मान वर केली. बाई खुर्चीत बसल्या होत्या. हात टेबलावर, पाठ ताठ, चष्म्यावरून नजर. समोरचं स्टूल रिकामं होतं. साहेब जाऊन त्यावर बसले.

“काय काम आहे?” बाईंनी विचारलं.

“फोल्डर काढायचं आहे.”

“कारण?”

“जागा हवी आहे.”

“जागा सगळ्यांनाच हवी असते. तुम्हाला कशाला?”

“रेकॉर्डिंगला,” साहेब म्हणाले. “तुझ्या.”

“ते नाही केलं, तर काय अडतं?”

हा प्रश्न साहेबांचाच होता. जन्मभर त्यांनी तो त्या टेबलावरून विचारला होता, रस्ता नाही खोदला तर काय अडतं, आणि समोरचा माणूस त, त, प, प करायला लागला की त्यांना आपण काहीतरी पकडल्यासारखं वाटायचं. आता ते स्वतःच मांडीवरचे हात बघत बसले. बाईंनी घाई केली नाही. स्टूल जरा डुगडुगत होतं, एक पाय आखूड होता त्याचा, आणि काल एवढ्या वेळा बसूनही साहेबांना ते कळलं नव्हतं.

“सगळंच अडतं,” शेवटी ते म्हणाले. “तू परत येशील, माहीत आहे मला. पण तू तोंड उघडलंस आणि दुसऱ्याच कुणाचा आवाज आला, तर मी काय करू? मला भीती वाटते. गाठ कळली त्या दिवसापासून वाटते.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू विचारलं नव्हतंस.”

एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने भीती हा शब्द झुरळाच्या बाबतीतसुद्धा वापरला नव्हता. बाईंना रागही आला आणि भरूनही आलं, दोन्ही एकदमच. मग त्यांनी माउस हातात घेतला, मंजूर म्हणाल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकायला लागली. पूल गेले, बोगदे गेले, स्टेशनं एकामागून एक गेली. साहेब प्रत्येक नाव ओठातल्या ओठात वाचत होते, निरोप द्यायला आल्यासारखे. शेवटी एक छोटंसं फोल्डर अडलं, फाटकाचं. ते वापरात आहे, असं कॉम्प्युटर म्हणाला. आता कोण वापरतंय ते? शोधलं तर प्रोग्रॅमचं एक शेपूट मागे चालूच राहिलं होतं. गाडी काढून टाकली त्या दिवशी साहेब त्याच फाटकापाशी तांबड्या सिग्नलला थांबले होते, आणि तो सिग्नल हिरवा व्हायची वाट बघणारं काहीतरी आत अजून थांबलेलंच होतं. साहेबांना आपल्यासारखं कुणीतरी भेटल्याचा आनंद झाला. बाईंनी कॉम्प्युटर सरळ बंद करून पुन्हा चालू केला आणि फाटकाचाही निकाल लावला.

रविवारी बाईंनी साहेबांना खोलीबाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि हाका भरल्या. साहेब बाहेर बसून ऐकत होते. गॅस, कडी, गोळी, सगळं दारातून नीट ऐकू आलं, आणि दरवेळी सवयीने त्यांच्या तोंडून ‘करतो’ गेलं. शेवटी मात्र बाई बराच वेळ काहीतरी हळू बोलल्या. ते ऐकू आलं नाही. बाई बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, वेळ आली की कळेल.

सोमवारी ऑपरेशन झालं. नीट झालं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पण काही दिवस एक शब्द बोलायचा नाही, मग बघू आवाज कसा आहे ते. बाई उशीवर डोकं टेकून पडल्या होत्या, गळ्याला पट्टी. साहेब शेजारी ताठ बसले होते, दवाखान्याच्या सगळ्या सूचना पाळत. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, तेव्हा सगळ्यात आधी तेच उठले. बाईंनी बोटाने खूण केली, घरी जा. मग हवेत एक बटण दाबून दाखवलं.

घरी आले, तर घर इतकं गप्प, की साहेबांना आपण चुकून शेजाऱ्यांकडे शिरलो असं वाटलं. कडी लावली की नाही ते कुणी विचारलं नाही. ते तसेच टेबलाशी जाऊन खुर्चीत बसले आणि कॉम्प्युटर लावला. बाईंच्या हाका ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीला नाव दिलेलं. चष्मा. गॅस. कडी. गोळी. आणि शेवटच्या हाकेचं नाव होतं, साहेब. त्यांनी ती दाबली.

“अहो, ऐका. बूट काढले नसतील अजून. आधी ते काढा.” साहेबांनी वाकून बूट काढले. “आता खुर्चीतून उठा आणि स्टुलावर बसा.” साहेब उठले आणि वळसा घालून स्टुलावर बसले. ते डुगडुगलं. “मी नाही म्हणून कुणी तुम्हाला आता काही विचारणार नाही. तेव्हा सांगून ठेवते. रडायचं असेल तर रडा. मी परवानगी दिली आहे. कारण सांगायची गरज नाही.”

साहेब रडले. चांगले ओक्साबोक्शी रडले, आखूड पायाच्या त्या स्टुलावर बसून, खुर्ची रिकामी होती तरी. लग्नाच्या दिवशी उशीर झाला त्याचंही त्यात आलं असावं. कितीतरी वेळाने ते थांबले, तोंड धुतलं, आणि कॉम्प्युटर बंद करायला आले तर पडद्यावरची अक्षरं दिसेनात. टेबलावर चाचपलं, खिशात बघितलं, कॉटखाली वाकले, न्हाणीघरात जाऊन आले. मग परत टेबलाशी आले आणि अंदाजानेच पहिलं बटण दाबलं.

“अहो, चष्मा कपाळावर आहे,” बाई पुऱ्या आवाजात ओरडल्या.

साहेबांनी हात वर नेला. चष्मा कपाळावरच होता.